दोरीवरचे कपडे

रविवारी सकाळी नऊ चाळीसला
वाफेचं इंजिन जाणार होतं माटुंगा रोडवरून.
पेपरात चौकट आली होती:
पितळ घासून, छातीवर झेंडूची माळ घालून
विरारपर्यंत जाऊन परत येणार. बस, एवढंच.

झेड पुलावर आठपासून माणसं.
कॅमेऱ्यांच्या तिपाया. पारशी कॉलनीतले एक गृहस्थ
घरून स्टूल घेऊन आलेले, मांडीवर टोपी.
एक बाप पोराला खांद्यावर घेऊन
तोंडानं आवाज काढून दाखवत होता,
तसा तो नसायचा, पण असो.

आईला म्हटलं, गॅलरीत खुर्ची ठेवते, दिसेल तिसऱ्या मजल्यावरून.
म्हणाली, बघायचं काय त्यात?
बावीस वर्षं धुतलंय मी त्याला.

धुतलं होतं, हे खरंच.
बाबा फायरमन, बांद्रा शेडला.
दारात यायचे तेव्हा आधी डोळे यायचे,
मग दात,
मग सावकाश बाकीचा माणूस.
डांगरी रात्रभर सोड्यात भिजायची
आणि सकाळी बादलीच्या तळाशी
पालघर, डहाणू, वलसाड
गाळासारखे बसलेले असायचे.
पगाराच्या दिवशी ती त्याला इंजिन म्हणायची.
इतर दिवशी नुसतं, 'ती'.
'आज तिनं सोडलं वाटतं लवकर.'

क्वार्टर्सच्या मागेच शेड. वारा खाडीकडून असला
की शिट्टीसरशी चौदा बायका
चौदा दोऱ्यांकडे धावायच्या.
फिलोमिना पिठाच्या हातांनी,
जसोदाबेन अर्ध्या वेणीनं,
आई मला काखेत मारून.
उशीर झाला तर पांढऱ्यावर काळी तिटं,
आणि तिटं लावायला घरात बाळ एकच, मी.

नऊ पंचावन्न. उशीरच.
दादरच्या बाजूनं शिट्टी आली,
लांब, मधेच चिरकलेली.
पुलावरचे सगळे हात वर गेले, फोनसकट.

माझ्यामागे काहीतरी सरकलं.
न्हाणीपर्यंत जायला जिला माझा दंड लागतो
ती आई गॅलरीत होती. रुळांकडे बघतसुद्धा नव्हती.
दोन्ही हातांनी ओढत होती
चादर, अभ्रे, माझा कालचा कुर्ता,
चिमटे टकाटका फरशीवर,
एक उडून खाली कुणाच्या तरी छत्रीवर.
सगळं छातीशी कवटाळून
भिंतीला पाठ लावून उभी राहिली, धापा टाकत.

इंजिन गेलं. हिरवं होतं.
धूर विजेच्या तारांना लागून घोटाळला,
जणू मधल्या काळात कुणी छत घातलंय
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
ड्रायव्हर कोवळा पोरगा, पांढरे हातमोजे घातलेला,
पुलाकडे बघून हात हलवत होता.

'ती ओढत नाहीये,' आई म्हणाली,
डोळे मिटलेले.
'मागून कुणीतरी ढकलतंय.'

मी वाकून पाहिलं. चार डबे,
आणि शेवटी डिझेल इंजिन,
तोंडावर स्वागताचा कापडी फलक बांधलेलं.

'कसं कळलं?'

'ओझं असलं की असा श्वास घेत नाही कुणी.'

पूल रिकामा व्हायला लागला.
त्या गृहस्थांनी टोपी घातली, स्टूल मिटलं,
मग कुणास ठाऊक का, पुन्हा उघडून बसले.
मी म्हटलं, दे इकडे, घालते परत दोरीवर.

'थांब,' ती म्हणाली, 'अजून खाली बसायचंय.'

तशाच उभ्या राहिलो दोघी.
तिच्या हातात सगळी धुणी, माझे रिकामे.
हवेत तसं काही दिसत नव्हतं.
मग तिनं कठड्यावरून एक बोट फिरवलं,
उजेडात धरलं,
जरा वेळ बघत राहिली,

आणि पदराला न पुसता
ते बोट तसंच वर धरून
आत गेली.